नाव नसलेली खूण

आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी नकाशा उघडतो. देवापुढं दिवा लावून मी चुलीकडं वळते, तोवर सून फोन भिंतीला टेकवून उभा करते आणि आज कोणत्या शिवारात जायचं ते बोटानं मोठं करकरून बघत बसते. मी म्हणते, "अगं, आधी घोटभर चहा तर घे." ती म्हणते, "आत्या, तारा बघू द्या." तारा म्हणजे विजेच्या. आकाशातल्या नाही.

सून ड्रोन उडवते. आमच्या बायकांच्या गटाला फवारणीचं ड्रोन मिळालं तेव्हा शिकायला कोण जाणार यावर लई बोलणी झाली. कुणाचा नवरा नको म्हणाला, कुणाची सासू. माझा लेक चितेगावच्या कंपनीत, आठवड्यानं घरी येणारा. त्याला मी फोनवरच सांगून टाकलं, "ती चाललीय शिकायला. तू आलास की भाकरी मी करीन." संभाजीनगरला तिचं शिकणं झालं. (आमच्या पिढीच्या जिभेवर अजून औरंगाबादच येतं, सूनच टोकते.) आली ती हातात कागद नि डोक्यावर टोपी घालून. वैजापूरच्या रस्त्याला गाडीतून उतरली तेव्हा मी ओळखलंच नाही.

आता हे काम एकटीचं नाही, हे मला आधी ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, बटण दाबलं की उडालं. पण त्यांची तिघांची टोळी आहे. सून उडवते. बुद्धवाड्यातली एक ताई आधी जाऊन सगळा बांध चालून येते, पोरगी चपळ, सकाळी दारात आली की "जय भीम मावशी, डब्यात काय?" हे तिचं एका दमातलं वाक्य. आणि पिकअपवाला भाऊ पाण्याच्या टाक्या, औषध नि बॅटऱ्या घेऊन मागं. ताई चालता चालता फोनातल्या नकाशावर खुणा टाकत जाते. इथं खांब, इथं तार, इथं उघडी विहीर, इथं बाभळीवर मोहोळ. तिनं टाकलेली खूण तिघांच्याही फोनात उमटते. लाल खूण म्हणजे तिकडं जायचं नाही, निळी म्हणजे पाणी, हिरवी म्हणजे गाडी लावायला जागा. सून तिकडं दूर बांधावर उभी असली तरी ताईनं काय बघितलं ते तिला दिसतं. मला तर ते बघून नवलच वाटलं. आमच्या वेळी एकानं बघितलेलं दुसऱ्याला कळायला तोंडानं सांगावं लागे, आणि सांगता सांगता सापाचा अजगर होई.

मला त्यांनी त्या नकाशात घेतलं ते जेवणासाठी. सून कुठं आहे ते कळावं, डबा तिकडं धाडावा, म्हणून लेकाचा जुना फोन माझ्याकडं आला. झालं, मला नाद लागला. दिवसभर मी त्या फिरणाऱ्या ठिपक्याकडं बघायची. पण म्हातारीचं बोट ते! बघता बघता दाबलं जाई आणि कुठंतरी खूण पडे. एकदा दुपारी सुनेचा फोन आला, "आत्या, जायकवाडीच्या मधोमध कुणाची फवारणी हाय?"

"का गं?"

"धरणात लाल खूण पडलीय. मगरीनं बोलावलंय का आमाला?"

मागून ताईचं हसू ऐकू आलं. "मावशी, परवा पडेगावला एका घरावर पण टाकली व्हती. तिथं कोण राहतं?"

पडेगावला माझी बहीण राहते. तिचं घर नकाशात सापडतं का बघत होते, दुसरं काय! तेव्हापासून आमच्यात ठरूनच गेलं: नाव नसलेली खूण दिसली की ते मावशीचं बोट. ताई ती पुसून टाकायची आणि कुणी कुणाला विचारायचंही नाही. मी पुढं नीट शिकले, हे सांगितलं पाहिजे. कुठं कुत्रं अंगावर येतं, कुठं सावलीला बसता येतं, कोणाच्या वस्तीवर चहा मिळतो नि कोण नुसतंच "या की" म्हणतं, अशा खुणा मी नावं घालून टाकायला लागले. ते चहाचं लिहिलेलं मात्र सुनेनं पुसायला लावलं. म्हणाली, "आत्या, शेतवाल्यांलाबी हा नकाशा दिसतो. उद्या ते लोक बघतील."

आता माझ्या जावेचं सांगते.

माझ्या धाकट्या दिराची बायको. तिचं घर आमच्या घराला लागून, शेत आमच्या शेताला लागून. मला ती "बाई" म्हणते. मी बोलकी, ती अबोल. त्यामुळं आमचं चांगलं जमतं. तिनं बांधाकडच्या तुकड्यात तुती लावली नि शेड उभारून रेशमाच्या अळ्या पाळायला लागली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, ते काम म्हणजे बाळंतिणीची खोली सांभाळण्यासारखं. दारात चुना, आत जाताना पाय धुवायचे, हात धुवायचे, आणि भलत्या माणसानं आत यायचं नाही. अळी तुतीचा पाला खाते, कात टाकते, पुन्हा खाते. शेवटची कात टाकली की मग ती अशी खाते की शेडात शिरलं तर पत्र्यावर भुरभुर पाऊस पडतोय असा आवाज येतो. आणि त्या पाल्यावर कीटकनाशकाचा वाराही लागला की संपलं. अळी ती, किडीचं औषध किडीलाच लागणार.

म्हणून ताईनं त्या तुतीवर नाव घालून लाल खूण टाकलेली होती: "तुती, अळ्या." शेजारच्या कपाशीत फवारायचं झालं तर वारं तुतीकडून कपाशीकडं असतानाच, आणि तरीही बांधाकडचा मोठा पट्टा सोडून. ही त्या टोळीची शिस्तच.

पण जावेची एक बॅच गेली. रोग पडला. मग दुसरीही गेली, ऐन कोष धरायच्या बेतात. दोन्ही वेळा आधी गल्लीतल्या बायका बघायला आल्या होत्या, दारातूनच, पण एकजण म्हणाली होती, "अगं बाई, काय गुटगुटीत झाल्यात!" जावेनं ते वाक्य मनात धरलं. दुसरी बॅच तिनं खड्डा करून पुरली, चुना टाकला आणि त्या दिवशी ताईला म्हणाली, "काढ गं ती खूण. माझ्या शेडात आता काय नाय." ताईनं पुसली. गावभर झालं की तिनं अळ्या सोडल्या, आता पाला शेळ्यांना. दीर म्हणायला लागला, तुती उपटू, मका लावू.

पुढं एका दुपारी मी विळा मागायला तिच्या शेडाकडून गेले. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि मला भुरभुर ऐकू आली.

मी थांबले. तेवढ्यात ती आतून आली. हात पाल्याच्या चिकानं काळपट, आणि तोंड असं की चोरी करताना धरलंय. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"बाई, कुणाला बोलू नका."

"अगं, कधी आणल्यास?"

"नका विचारू. शेवटची कात टाकलीय. आता थोडंच राह्यलंय. माझ्या लेकराची शपथ हाय तुमाला."

"सुनेला तरी सांगू दे. तिचं काम..."

"तिला बी नाय! तिला सांगितलं की त्या ताईला, ताईला सांगितलं की नकाशात. आन् नकाशा समदं गाव बघतंय." मग हळूच म्हणाली, "ही गेली तर त्यानी तुती उपटून टाकायचं बोलून दावलंय. मला दुसरं काय हाय, बाई, माझं म्हणावं असं?"

मला कुणी विचारेल, तुम्ही तिला समजावलं का नाही, रोग नजरेनं पडत नाही म्हणून? नाही समजावलं. दोनदा खड्डा खणलेल्या बाईला मी काय समजावणार! आणि खरं सांगू, माझाही दृष्टीवर विश्वास नाही असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. मी शपथ घेतली. विळा मागायचं विसरूनच आले.

चारदोन दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी सून म्हणाली, "उद्या सकाळी काकूंच्या शेजारची कपाशी हाय. तुडतुडे लई पडल्यात, मालक मागंच लागलाय."

माझ्या हातातली भाकर तव्यावर वाकडी पडली.

"उद्याच?"

"का? तुमाला काय काम हाय का तिकडं?"

"नाय. म्हटलं, काकूची तुती हाय शेजारी."

"ती व्हय. ती आता शेळ्यांलाच जाती ना. चार ओळी सोडू की बांधाकडच्या. फवारून झालं की काकूंला सांगते, दोन दिस तिकडचा पाला शेळ्यांला घालू नका म्हणून."

माझ्या ओठावर आलेलं परत गेलं. रात्रभर कूस बदलत राहिले, पहाटे जावेलाच सांगायला गेले तर ती पाल्याला निघून गेलेली, मग मला युक्ती सुचली. बोलायचं नाही अशी शपथ आहे. खूण टाकायची नाही अशी कुठं आहे? फोन घेतला, तुतीचा तुकडा मोठा केला आणि बोटानं दाबून बरोबर मधोमध लाल खूण ठेवली. नाव लिहायची जागा आली. काय लिहू? "अळ्या" लिहिलं तर शपथ मोडते. "तुती" लिहिलं तर ताई म्हणणार, तुती हाय ते ठाऊक हाय की, शेळ्यांची. मी ती जागा रिकामी सोडली. लाल आहे ना, म्हटलं, लालच्या वर काय लिहायचं असतं! समाधानानं चहा प्याले.

तिघं गेली. मी धुणं काढलं, दूध तापवलं, फोन उघडला. खूण नव्हती.

मला वाटलं मी चुकीच्या जागी बघतेय. मोठं केलं, बारीक केलं. खांब होता, तार होती, विहीर होती, माझी खूण नव्हती. आणि सुनेचा ठिपका बांधावर उभा होता. मी ओट्यावर येऊन बघितलं तर कपाशीवर ते उडालेलंही होतं. आवाज येत होता. झाडाची पानं आमच्या घराकडं वळत होती, म्हणजे वारं कपाशीकडून तुतीकडं.

सुनेला फोन लावला. ती उचलणार नाही हे मला ठाऊक होतं. हवेत असताना उडवणाऱ्यानं फोन घ्यायचा नाही, तिचा तो नेमच आहे. मग ताईला लावला.

"बोला मावशी! डब्यात काय?"

"थांबव ते!"

"काय?"

"ड्रोन थांबव. खाली घे."

"का पण? मधे तार हाय का कुठं? मला तर दिसंना..."

बघा, एवढा एक क्षण होता. तिला कारण लागत होतं आणि माझ्याजवळ कारण होतं. जावेच्या लेकराचं तोंड माझ्या डोळ्यापुढं आलं. मीच न्हाऊमाखू घातलेलं ते पोर, आता बारावीला आहे. शपथ म्हणजे काही नुसता शब्द नसतो आमच्यात. पण तुतीकडं वळलेली पानंही मला दिसत होती.

"काकूच्या शेडात अळ्या हायेत," मी म्हणाले.

ताई फोन कानाला ठेवूनच ओरडली. असं ओरडली की मला फोनमधून एकदा नि वाऱ्यावरून एकदा, दोनदा ऐकू आलं. "वयनी! खाली घ्या! काकूंच्या शेडात अळ्या हायेत!"

आवाज थांबला. मी चप्पल न घालता निघाले.

पोचले तेव्हा सगळे बांधावर उभे. सून, ताई, पिकअपवाला, कपाशीचा मालक. आणि तुतीच्या उंच ओळींतून डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन जाऊ बाहेर आली. ती पलीकडच्या टोकाला पाला तोडत होती. तिनंही ऐकलं होतं. तिनं भारा टाकला नाही. तशीच उभी राहून माझ्याकडं बघत म्हणाली, "शपथ मोडलीत, बाई."

"मोडली."

कपाशीवाला उगाच खाकरला.

मग ताई पुढं झाली. तिचा चेहरा उतरला होता. "मावशी, सकाळी इथं एक खूण व्हती. लाल. नाव नाय, गाव नाय. मला वाटलं तुमचं बोट लागलं. मी पुसली."

जाऊ एकदम माझ्याकडं वळली. "तुमी खूण टाकली व्हती?"

"टाकली व्हती. बोलायची शपथ व्हती ना. बोटाला कुठं शपथ व्हती?"

ती हसली नाही. पण डोळ्यातला धारदारपणा जरा मोडला. सून मात्र चिडली, आणि तिचा राग खरा होता. "काकू, अवो मला सांगायचं! तुमचं वाटोळं माझ्या हातनं झालं असतं. मग मी कोणत्या तोंडानं तुमच्या दारात आले असते?"

"तुला सांगितलं असतं तर समद्यास्नी कळलं असतं."

"मग कळू द्यायचं!"

"दोनदा कळू दिलं व्हतं," जाऊ म्हणाली. एवढंच.

पहिल्याच फेरीत ड्रोन बांधाला समांतर गेलं होतं, चार ओळी सोडून. पाल्यावर किती आलं, आलं की नाही, ते डोळ्याला दिसत नाही. आणि शेडात हजारो तोंडं उघडी. शेवटच्या दिवसांतली अळी उपाशी ठेवली तर कोष धरत नाही. ताईनं फोन काढून पायानंच माप घेत बांधाकडच्या पट्ट्यावर एकामागून एक लाल खुणा टाकल्या: इथपर्यंतचा पाला तोडायचा नाही. पिकअपवाल्यानं टाक्या उतरवून गाडी रिकामी केली. आम्ही सगळे पलीकडच्या टोकाला पाला तोडायला लागलो, कपाशीवालासुद्धा. तो आपला सारखा म्हणत होता, "वयनीबाई, मला ठाऊक असतं तर तुडतुड्यांलाच पोसलं असतं."

लाल पट्टा नि पलीकडचं टोक यांच्या मधल्या ओळींतला थोडा पाला जावेनं वेगळा आणला. तो बाधलाय की नाही हे बघायला अळीशिवाय दुसरं साधन नव्हतं. तिनं परडीत थोड्या अळ्या काढल्या, त्यावर तो पाला पसरला आणि परडी माझ्या मांडीवर दिली.

"तुमी बघा. मला बघवायचं नाय."

बाधलेली अळी डोकं वर करून डोलायला लागते, तोंडातून हिरवं ओकते नि आखडते. मी शेडाबाहेर सावलीला परडी घेऊन बसले. आयुष्यात मी एवढं गप्प कधी बसले नसेन. एका अळीनं मान वर केली तशी मी परडी डोळ्यांजवळ नेली. ती नुसती दुसरं पान शोधत होती. जाऊ आत-बाहेर करत होती आणि प्रत्येक वेळी माझ्याकडं न बघता विचारत होती, "काय?" मी म्हणायची, "खातायत." पुन्हा, "काय?" पुन्हा, "खातायत गं." ऊन कलायला लागलं तेव्हा परडीत पानांच्या शिरा तेवढ्या उरल्या होत्या आणि अळ्या जिवंत होत्या, भुकेल्या.

बांधाकडच्या कडेच्या ओळी मात्र तिनं कुणाचं न ऐकता कापून पुरल्या. पाला थोडा कमी पडला. कोष झाले ते जरा हलके झाले, पण झाले. चंद्रिकांवर, म्हणजे कोष धरायच्या त्या जाळ्यांवर, पांढरेशुभ्र लोंबताना बघायला तिनं मला आत बोलावलं. पाय धुऊन. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, चांगलं ना वाईट. दिरानं मक्याचं नाव काढणं बंद केलं.

पण आमच्यातलं लगेच पूर्वीसारखं झालं असं नाही. दारातून जाताना ती मान हलवी, थांबत नसे. मी विळा मागायला जाणं टाळलं. शपथ मोडल्यावर माणूस वाचलं तरी मोडलेलं मोडलेलंच असतं. हे मला कबूल आहे आणि मी तिच्या जागी असते तर मीही अबोला धरला असता. सून नि ताई मात्र ओट्यावर रोज तेच बोलत बसत. ताई म्हणायची, "वयनी, चूक कुणाचीच नाय म्हणता येत, हेच खरं वाईट हाय." तिनं स्वतःपुरता नियम केला: नाव नसलेली खूण पुसायच्या आधी फोन करायचा. मावशीचं बोट असलं तरी.

पुढच्या बॅचच्या वेळी जाऊ स्वतः आमच्या ओट्यावर आली. सकाळची वेळ, तिघं निघायच्या बेतात. ती ताईच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तुझ्या त्या नकाशात काळा रंग हाय का?"

ताईनं शोधला. "हाय. कशाला?"

"माझ्या तुतीवर टाक."

"नाव काय लिहू?"

"नाव कशाला? लेकराच्या गालावर तीट लावतो, तिला नाव असतं का? तीट दिसली की माणूस नजर काढून घेतंय. कुणी इचारत नाय, घरात बाळ कसं हाय म्हणून."

सून नि ताई एकमेकींकडं बघत राहिल्या. मग ताईनं काळी खूण टाकली, भोवती सुनेनं मोठं रिंगण काढलं, आणि तिघांच्या फोनात ते एकदम उमटलं. माझ्याही. जावेनं माझा फोन हातात घेऊन तो काळा ठिपका नीट बघितला. "सगळ्यांला दिसतंय ना?" तिनं विचारलं. आणि मग मला म्हणाली, "चहा टाका की, बाई."

आता आसपासच्या वस्त्यांवरही काळ्या खुणा झाल्यात. बायका ताईला बांधावर गाठतात नि कानात सांगतात. काहींच्या तुती आहेत, काहींच्या मधमाशांच्या पेट्या. कपाशीवाले, मकावाले कुणी तक्रार करत नाहीत. रिंगण सोडून फवारतात. परवा नकाशा बघताना मला नाल्याच्या पलीकडं एका वस्तीवर काळी खूण दिसली. तिथं तुती नाही, पेट्या नाहीत, मला ते शिवार पाठ आहे. एक घर, दारात लिंबाचं झाड, आणि एक बाई एकटी राहते.

मी ताईला विचारलं, "तिथं काय गं?"

"मला ठाऊक हाय," ती बॅटऱ्या मोजत म्हणाली.

"मग सांग की."

"मावशी," ती म्हणाली, "काळी हाय ना?"

मी गप्प बसले. मला लई जड जातं हे. दोन दिवस झाले, त्या घराकडं कुणी चाललं की माझ्या तोंडाशी प्रश्न येतो. अजून विचारलेला नाही.